चार्टर्ड इंजिनिअर व्हायला किती पैसे लागतात?

अभियंता दिन झाला. १५ सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार पडले, व्हॉट्सॲपवर शुभेच्छांचा पूर आला, साताऱ्यात एका कार्यक्रमात मलाही श्रीफळ मिळालं. त्याच संध्याकाळी, तीन वर्षांपूर्वी कराडच्या कॉलेजातून सिव्हिल करून बाहेर पडलेला एक मुलगा घरी आला. चहा घेता घेता म्हणाला, "सर, चार्टर्ड इंजिनिअर व्हायचंय. किती पैसे लागतात?"

त्याचा दोष नाही. आपल्या भागात चार्टर्ड इंजिनिअर म्हणजे गोल शिक्का असलेला माणूस, एवढीच ओळख. कुपवाडच्या कुणाला परदेशातून जुनं मशीन आणायचंय, बँकेला कर्जासाठी मूल्यांकन हवंय, की शोधा शिक्केवाला! शिक्क्यामागे काय असतं हे कुणी विचारत नाही, आणि आम्हीही सांगत नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

सीएंसाठी १९४९ चा कायदा आहे, वकिलांसाठी १९६१ चा, आर्किटेक्टसाठी १९७२ चा. इंजिनिअरसाठी देशपातळीवर असा कायदा नाही. मसुदे झाले, बैठका झाल्या, गाडी तिथंच. महापालिका-नगरपालिका आपापल्या हद्दीपुरतं लायसन्स देतात, ते वेगळं. एरवी डिग्री घ्या, पाटी लावा, कामाला लागा.

ही उणीव थोडीफार भरून काढते ती इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स. स्थापना १९२०, मुख्यालय कोलकाता, १९३५ साली राजाची सनद मिळाली. 'चार्टर्ड' म्हणजे सनदी, शब्द आला तो तिथून. आधी डिग्री आणि अनुभवावर सभासद व्हायचं, मग चार्टर्डसाठी वेगळा अर्ज. किती वर्षं, किती फी, हे त्यांच्या वेबसाइटवरच बघा. नियम बदलतात, माझ्या पोस्टवर विसंबू नका.

एक गोंधळ मात्र इथेच मिटवतो. आमच्या पिढीत डिप्लोमा करून इरिगेशनला, बांधकाम खात्यात लागलेली माणसं रात्री अभ्यास करून 'एएमआयई' व्हायची. ती परीक्षा डिग्रीच्या बरोबरीची मानली जायची. पण ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवलेल्यांना ती मान्यता नाही. आज कुणी त्या वाटेनं डिग्री देतो म्हणाला, तर पैसे भरण्याआधी दहादा विचार करा.

दुसरा गोंधळ परदेशाचा. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन करारात आहे. पण त्याचा फायदा एनबीएनं त्या कराराच्या पातळीवर मान्यता दिलेल्या कोर्सपुरताच. सरसकट सगळ्या डिग्र्यांना नाही. इंग्लंडमधला चार्टर्ड आणि आपला चार्टर्ड हे एकच नाहीत, नाव सारखं आहे इतकंच. माझा भाचा तिकडे पुलांच्या कामावर आहे. त्याच्यासमोर दोन ज्येष्ठ इंजिनिअर बसले आणि खोदून खोदून विचारत राहिले: हा निर्णय तुमचा की साहेबांचा? का घेतला? चुकलं असतं तर कुणाला इजा झाली असती? म्हणाला, "मामा, वालचंदच्या चार वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं."

मलाही नव्हतं विचारलं. आता कबूलच करतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाच्या हॉलला स्थिरतेचा दाखला हवा होता. उद्याच्या उद्या. मी फोटो बघितले आणि सही केली. काही झालं नाही, हॉल आजही उभा आहे. पण पुढच्या वर्षी त्याच हॉलमध्ये लग्नाला गेलो. पंगतीत बसलो आणि जेवण होईपर्यंत माझी नजर वरच्या बीमवर. शेजारचे पाव्हणे म्हणाले, "पंखा लावायचा का?"

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर गावभागातल्या एका जुन्या वाड्यात मला बोलावलं. मातीच्या भिंती कित्येक दिवस पाण्यात होत्या. मुलाला कागद हवा होता, 'राहण्यास योग्य' असा. आजींचा प्रश्न सरळ होता: "इंजिनिअर हायसा न्हवं? मग सांगा, आत निजू का नको?" दोन दिवस लावले. पाया उकरून बघितला, भिंती ओळंब्यात आहेत का तपासलं. मागचा सोपा राहण्यालायक नाही, पुढच्या खोल्या टेकू दिल्याशिवाय वापरू नका, असं लिहून सही केली. मुलगा नाराज झाला. तसला 'योग्य' कागद त्याला दुसरीकडे मिळालाही असेल, तेही आपल्यातच कुणाकडून तरी.

तर माझं मत असं. कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या दोन जिल्ह्यांतल्या चार्टर्ड म्हणवणाऱ्यांनी जागेवर न जाता सही करणं बंद करावं. यानं काही जणांची महिन्याची कमाई बुडेल, मला माहीत आहे. आणि कॉलेजांनी शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टच्या छापील फायलीऐवजी पोरांना साइटवर पाठवून निर्णयाची नोंद ठेवायला लावावी. अनुभव म्हणजे नोकरीची वर्षं मोजणं नव्हे. एकच वर्ष सात वेळा केलेली माणसं मी पाहिली आहेत.

त्या मुलाला पैसे सांगितले नाहीत. दोनशे पानी वही घे म्हटलं. तारीख टाक, काय ठरवलंस ते लिही, का ठरवलंस ते लिही.

"चुकलं तेही लिहू?"

"ते आधी."

काल त्यानं पहिल्या पानाचा फोटो पाठवला. स्लॅबच्या सळ्यांना खालून कव्हर कमी होतं, ठेकेदाराला सांगितलं, त्यानं ऐकलं नाही, संध्याकाळी काँक्रीट झालं, मी गप्प बसलो. उद्या सकाळी त्याच्या साइटवर जातोय.