खेद पुरे, दप्तर उघडा

२०२४ च्या जुलै महिन्यात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. ती पाहावयास जाणाऱ्यांच्या श्रद्धेची चेष्टा करण्याचे कारण नाही. परंतु वाघनखे आली ती तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. ती शिवछत्रपतींनीच वापरली असे खात्रीने सांगता येत नाही, हे खुद्द त्या संग्रहालयाने म्हटले आहे. ज्या ग्रँट डफच्या घराण्यामार्फत ती तेथे पोहोचली, तो साताऱ्यात कंपनी सरकारचा रेसिडेंट होता. देणारा कोण आणि हात पसरणारा कोण, हे नाते दोनशे वर्षांनंतरही पालटलेले नाही.

याच साताऱ्यात गेंडामाळ आहे. ८ सप्टेंबर १८५७ रोजी तेथे सतरा जणांना मारण्यात आले. काहींना फाशी दिले, काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले. साताऱ्याच्या गादीला न्याय मिळावा म्हणून रंगो बापूजींनी चौदा वर्षे लंडनमध्ये सनदशीर खटपट केली होती. त्यांचा मुलगा या सतरांत होता. पुढे ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. दुसऱ्याच दिवशी, त्या वेळी सातारा जिल्ह्यात असलेल्या इस्लामपुरात पंड्या आणि बारपटे पडले. ब्रिटिश राज्यकर्त्यांनी आजवर जे खेद व्यक्त केले, त्यांत ही गावे नाहीत.

यावर एक शहाणपणाचा सल्ला ऐकू येतो. जुनी मढी उकरून काय साधणार? आपली मुले तिकडे शिकतात, व्यापार वाढतो आहे. संबंध कशाला बिघडवायचे? या सल्ल्याला केनियाने उत्तर दिले आहे. माऊ माऊ लढ्यात छळल्या गेलेल्या वृद्धांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला. ब्रिटिश सरकारने दडवून ठेवलेले वसाहतींचे दप्तर २०११ मध्ये उघडकीस आले आणि कानांवर हात ठेवणे अशक्य झाले. ६ जून २०१३ रोजी छळ झाल्याची कबुली पार्लमेंटमध्ये द्यावी लागली आणि ५,२२८ दावेदारांसाठी सुमारे दोन कोटी पौंडांची तडजोड झाली. कायदेशीर जबाबदारी मात्र ब्रिटनने नाकारलीच. तरीही २०१५ मध्ये नैरोबीत ब्रिटनच्याच पैशाने माऊ माऊंचे स्मारक उभे राहिले. दोन्ही देशांचे संबंध यामुळे तुटले नाहीत; उलट उरलेले हिशेब मागण्याचे धैर्य केनियातील इतरांनाही आले.

याच्या शेजारी जालियनवाला बाग ठेवून पाहा. २०१३ मध्ये पंतप्रधान कॅमेरून यांनी तेथे जाऊन ती घटना लाजिरवाणी ठरवली. २०१९ मध्ये थेरेसा मे यांनी पार्लमेंटमध्ये खेद व्यक्त केला. माफी नाही, भरपाई नाही. ज्याची किंमत बोलणाऱ्याला मोजावी लागत नाही, अशा खेदाने नाते बदलत नाही. त्याने सभ्यता तेवढी राखली जाते.

नामिबियाचा धडा याहून वेगळा आहे. हेरेरो आणि नामा लोकांची १९०४ ते १९०८ मधील कत्तल हा वंशसंहार होता, असे जर्मनीने २०२१ मध्ये मान्य केले आणि तीस वर्षांत ११० कोटी युरो देऊ केले. परंतु अनेक हेरेरो-नामा प्रतिनिधींनी तो करार झिडकारला. दोन सरकारे आपापसांत बोलली, जखम ज्यांची होती ते बाहेरच राहिले, ही त्यांची तक्रार होती.

येथे प्रश्न आपल्या दाराशी येतो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारण्यास प्रारंभ केला. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा मोडीत काढला. पण चोरी कोठेही होवो, संशय अजून प्रथम पारध्याच्या पालावर जातो. तुमच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला, असे त्यांना आपण कधी तोंडावर सांगितले आहे काय? इंग्रजांकडे कबुली मागायची आणि त्यांनी मागे ठेवलेला शिक्का आपण वापरायचा, हे न्यायाचे राजकारण नव्हे.

म्हणून मागणी दुहेरी हवी. लंडनकडे मागावयाचे ते मोघम दुःख नव्हे. गेंडामाळ, वडूज, इस्लामपूर ही नावे घेऊन पार्लमेंटमध्ये कबुली द्यावी आणि सातारा जिल्ह्यासंबंधी त्यांच्याकडे असलेल्या कागदांच्या नकला द्याव्यात, एवढे स्पष्ट मागावे. मात्र मुंबई इलाख्याचे दप्तर आपल्याच सरकारच्या ताब्यात आहे. १९४२ च्या गोळीबारांविषयी त्यात जे असेल ते मराठीत छापून गावोगावच्या वाचनालयांत ठेवण्यास आपल्याला कोणाची परवानगी हवी आहे? क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली ज्या जिल्ह्याने इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार चालवले, त्याने एवढ्यासाठी लंडनच्या मर्जीची वाट पाहू नये. येत्या सप्टेंबरात हुतात्मा स्मारकांवर फुले वाहताना कार्यकर्त्यांनी हा ठराव मांडावा आणि त्या सभेला पालावरची माणसेही सन्मानाने बोलवावीत.