आधी फटी, मग फर्नेस

थंडी पडू लागली की रविवारी आपल्या वर्गाबाहेर चहाच्या थर्मासभोवती पालकांच्या गप्पांचा विषय ठरलेला असतो. कोणाच्या घरी थर्मोस्टॅट कितीवर आहे, त्यावरून कोणाचं कोणाशी वाजलं, आणि या महिन्याचं गॅसचं बिल किती आलं. मग कोणीतरी म्हणतं, "आमची फर्नेस जुनी झालीय, यंदा बदलूनच टाकतो." बाकीचे मान डोलावतात.

आमचं म्हणणं एवढंच आहे, की मान डोलावण्याआधी जरा थांबावं. चालती फर्नेस बदलणं हा शेवटचा उपाय आहे. आपल्यापैकी बरेचजण तिथूनच सुरुवात करतात.

याचं एक कारण आम्हाला असं वाटतं की आपण ज्या घरांत वाढलो त्यांचं काम वारा आत घेण्याचं होतं. कोकणातल्या कौलारू घरात चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. चाळीतली दारं रात्री निजेपर्यंत उघडी. घर कोंदट असणं हा दोष, हवेशीर असणं हा गुण. त्यामुळे दाराखालून येणारा वारा आपल्याला लागतो, पण खटकत नाही. आपण स्वेटर घालतो आणि थर्मोस्टॅट दोन अंशांनी वर करतो. इथल्या न्यू जर्सीच्या जानेवारीत मात्र घर हे त्या चहाच्या थर्माससारखं असावं लागतं. झाकण सैल असेल तर चहा कितीही उकळता भरला तरी उपयोग काय?

मुलांनो, गरम हवा वर चढते हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. तुमच्या घरातही तेच चालतं. तापलेली हवा वर जाते, छतातल्या बारीक भोकांतून अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे आपल्या माळ्यावर, निसटते आणि तिची जागा घ्यायला तळघरातून थंड हवा आत ओढली जाते. दुमजली घर म्हणजे एक मोठं धुराडंच म्हणा ना. म्हणून फटी बुजवायच्या त्या आधी माळ्याच्या जमिनीतल्या: पाइप आणि वायरी जिथून वर येतात तिथल्या, छतात बसवलेल्या दिव्यांभोवतीच्या (तिथे मात्र आग न धरणारं साहित्यच हवं), आणि माळ्यावर जायच्या झडपेच्या कडेच्या. त्यानंतर तळघरात, पाया आणि लाकडी सांगाडा जिथे भेटतात तिथल्या. खिडक्यांवर सगळ्यांचा राग असतो, कारण त्या दिसतात. पण सगळ्या खिडक्या नव्या बसवल्या तर ते पैसे बिलातून वसूल होईपर्यंत आज 'अ आ इ ई' गिरवणारी मुलं नोकरीला लागलेली असतील.

फटी शोधायला महागडं यंत्र लागत नाही, देवघरातली उदबत्ती पुरते. वाऱ्याचा आणि थंडीचा दिवस निवडा. फर्नेस आणि गॅसचा वॉटर हीटर बंद करा, दारं-खिडक्या लावून घ्या, स्वयंपाकघरातले आणि बाथरूममधले पंखे चालू करा. मग मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, पडद्यांपासून दूर राहून, उदबत्ती चौकटींच्या आणि विजेच्या सॉकेटांच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर सरळ वर न जाता वाकडा झाला की तिथे फट आहे. अधिक नेमकं हवं असेल तर घराची तपासणी करणारे लोक पुढच्या दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतात आणि घर किती गळतं ते आकड्यात सांगतात.

फटी बुजवून झाल्या की वर इन्शुलेशन. आपल्या भागात माळ्यावर आर-४९ ते आर-६० असावं असं सांगतात. म्हणजे फायबरग्लासचा साधारण दीड फुटाचा थर. एडिसन-इझेलिनकडच्या १९६०-७०च्या सुमाराच्या घरांत, नंतर कोणी भर घातली नसेल, तर तो कितीतरी कमी असतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या अंदाजानुसार, फटी बुजवून माळ्यावर आणि तळाशी इन्शुलेशन घातलं तर घर गरम-थंड करण्याच्या खर्चात सरासरी १५ टक्के बचत होते. त्याच कार्यक्रमाचा दुसरा आकडा: साधारण घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के सांध्यांतून आणि भोकांतूनच वाया जाते.

आता फर्नेसविषयी. आमच्यापैकी एका घरी मागच्या जानेवारीत फर्नेस पेटायची आणि काही सेकंदांत विझायची. आलेल्या माणसाने तळघरात उभ्याउभ्याच नव्या, दीडपट मोठ्या फर्नेसचा आकडा कागदावर लिहून दिला. घरात भारतातून आलेले आजी-आजोबा, बाहेर बर्फ. अशा वेळी माणूस सही करतो. त्यांनी दुसऱ्या दिवशी आणखी एकाला बोलावलं. ज्योत पेटली की नाही हे पाहणाऱ्या दांडीवर काजळी धरली होती. त्याने ती दहा मिनिटांत घासून दिली आणि फर्नेस सुरू झाली. म्हणून दुसरं मत घ्यावंच, आणि गारठ्यात अडकू नये यासाठी सप्टेंबरातच फर्नेस तपासून घ्यावी. फिल्टर दर एक ते तीन महिन्यांनी बदलावा. आपल्या फोडण्या आणि उदबत्त्या लक्षात घेता आम्ही एकच महिना म्हणू.

फर्नेस खरोखरच संपली असेल तर अवश्य बदला. पायलटची ज्योत अखंड जळणाऱ्या जुन्या फर्नेसा गॅसच्या उष्णतेपैकी ५५ ते ७० टक्केच घराला देत, चांगल्या नव्या फर्नेसा ९० टक्क्यांच्या वर देतात. उष्णता बाहेरून आत ओढून आणणारा हीट पंपही विचारात घ्या, तो उन्हाळ्यात एसीचंही काम करतो. पण मोठं ते चांगलं हा हिशेब इथे चालत नाही. गरजेपेक्षा मोठी फर्नेस भसकन घर तापवते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. कुठे उकडतं तर कुठे गारठा. घराचं माप, इन्शुलेशन, खिडक्या यांवरून उष्णतेचा लेखी हिशेब करून मागा. आणि तो फटी बुजवल्यानंतरचा हवा, नाहीतर फुटक्या हंड्याला मोठा नळ लावल्यासारखं होईल. अजून कोणी विक्रेता हीट पंपावर दोन हजार डॉलरपर्यंतच्या केंद्रीय करसवलतीचं आमिष दाखवत असेल तर सावध राहा. ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ला संपली. स्थानिक वीज आणि गॅस कंपन्यांच्या योजना मात्र विचारून पाहाव्यात.

एका बाबतीत हयगय नको. घर घट्ट झालं आणि फोडणीचा खाट घालवायला जोरदार पंखा लावला की तो गॅसच्या वॉटर हीटरचा धूर उलटा घरात ओढू शकतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आग लागलेली नसतानाही या देशात दरवर्षी चारशेहून अधिक माणसं त्याने दगावतात. तेव्हा फटी बुजवल्यावर जाणकाराकडून धुराड्याचा ओढा तपासून घ्या आणि प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ, कार्बन मोनॉक्साइडचा गजर लावा. असलेल्या गजराच्या पाठीवरची तारीख आजच बघा, तो पाच ते दहा वर्षांत बाद होतो. नव्या फर्नेसचा पांढरा प्लास्टिकचा पाइप बाहेरच्या भिंतीतून निघतो. बर्फ पडला की त्याच्या तोंडापुढचं बर्फ काढणं हे काम मोठ्या वर्गातल्या मुलांकडे द्यायला आमची हरकत नाही.

उदबत्तीचा प्रयोग करणाऱ्यांनी सापडलेल्या फटींची यादी पुढच्या रविवारी वर्गात आणावी. यादी मराठीतच हवी: उंबरठा, चौकट, झडप, माळा. शब्द अडला तर आजीला फोन करावा.