‘लहान आहे, अर्धी गोळी दे’: हा हिशेब का चुकतो?

मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नाही. तान्ह्या बाळाचे यकृत आणि किडनी पूर्ण क्षमतेने काम करत नाहीत, त्यामुळे औषध शरीरात साचू शकते.

पॅरासिटामॉलचेच घ्या. मुलांना एका वेळी दर किलो वजनामागे 10 ते 15 मिलिग्रॅम देतात. म्हणजे 10 किलोच्या मुलाला 100 ते 150. पण सिरप 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅमचेही मिळते आणि 250 चेही. ड्रॉप्समध्ये तर 1 मिलिलिटरमध्येच 100 असू शकतात. बाटली बदलली की ‘एक चमचा’ म्हणजे दुप्पट डोस!

आजी-आजोबांचे गणित वेगळे. वयानुसार किडनीचा वेग मंदावतो. पण स्नायूही घटलेले असल्याने क्रिएटिनिनचा रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो. झोपेच्या काही गोळ्यांचा असर सकाळीही उरतो. मग तोल जातो, हाड मोडते.

म्हणून प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर मुलाचे वजन आणि डोस मिलिग्रॅममध्ये लिहिणे सक्तीचे हवे. ज्येष्ठांच्या सगळ्या गोळ्यांची उजळणीही दर भेटीत व्हावी. तोपर्यंत ‘किती चमचे’ नको, ‘किती मिलिग्रॅम’ विचारा. आणि घरातला चमचा नव्हे, बाटलीसोबतचे मापच वापरा.