हिलाच विचारा

कर्करोगाच्या ओपीडीत पुरुष रुग्णाला ‘कसं वाटतंय?’ असं विचारलं की तो आधी शेजारी बसलेल्या बायकोकडे बघतो. मग म्हणतो, ‘हिलाच विचारा.’ झोप लागते का, भूक आहे का, दुखतं कुठं, या सगळ्याची उत्तरं तीच देते. फाइल तिच्या पिशवीत असते आणि पुढची तारीखही तिच्याच लक्षात असते. ‘यांच्या मनात काय चाललंय?’ या प्रश्नाला मात्र तीही थांबते. ते त्यानं तिलाही सांगितलेलं नसतं.

भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार देशात वर्षभरात एक लाखाहून अधिक पुरुषांना ओठांचा किंवा तोंडाचा कर्करोग झाला. त्यामागे मुख्यतः तंबाखू, गुटखा, मावा आणि सुपारी. हे आपल्याला पाठ झालं आहे. त्यानंतरच्या आयुष्याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही.

गाठीसोबत कधी गालाचा, कधी जबड्याचा, कधी जिभेचा भाग काढावा लागतो. रेडिएशननंतर लाळ आटते, चव जाते. तोंड जेमतेम एक बोट उघडतं. मग आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या, आणि जमेल तशी एकेक काडी वाढवत न्यायची, असा व्यायाम सुरू होतो. गालातली पोकळी भरायला छातीची त्वचा वापरली असेल तर तिथं कधी कधी केस उगवतात. तोंडाच्या आत केस! हे कुणाला सांगायचं? बोलणं फोनवर समोरच्याला कळत नाही. पाणी पिताना ते ओठांच्या कडेनं ओघळतं, म्हणून खांद्यावर कायम रुमाल. पंगतीत बसणं बंद होतं. घरातही सगळ्यांचं जेवण झाल्यावर, मिक्सरमधून काढलेला वरणभात हा माणूस स्वयंपाकघरात एकटा बसून खातो.

चारचौघांत वावरण्यासाठी जे लागतं, बोलणं, खाणं, हसणं, चेहरा, नेमक्या त्याच गोष्टी या आजारात जातात. पुरुषांची मैत्री तर बहुतेक टपरीवरची. चहा, तंबाखूची चिमूट, थोडी टिंगल, थोडं राजकारण. मित्र एकदा भेटायला येतात, येताना सफरचंदं आणतात (ज्याला केळंही कुस्करून खावं लागतं त्याला!), दहा मिनिटं बसून ‘काळजी घे’ म्हणतात आणि जातात. ते दुष्ट नसतात. हातात चहा नाही, तोंडात तंबाखू नाही, मग बसून करायचं काय, हे त्यांना खरोखर सुचत नाही. शिवाय चिमूट त्यांच्याही खिशात असते, आणि समोरचा चेहरा बघवत नाही.

त्या चेहऱ्याचा आणखी एक प्रश्न आहे. २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्यानं व्यापलेला असतो. त्यावर अनेकदा तोंडाच्या कर्करोगाचं चित्र असतं. असा इशारा हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण शस्त्रक्रिया झालेला माणूस एसटीत चढतो तेव्हा लोकांना तो त्या पाकिटावरचा वाटतो. ‘स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं’ हे कुणी बोललं नाही तरी त्याला ऐकू येतं. स्वतःला दोषी मानणारा माणूस आधार मागत नाही, कारण त्याला वाटतं, आपल्याला तो अधिकारच नाही. शरद पवारांनी आपल्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल आणि त्यामागच्या सवयीबद्दल जाहीरपणे बोलून मोठं काम केलं. आर. आर. पाटील २०१५ मध्ये याच आजारानं गेले तेव्हा राज्य हळहळलं. मात्र आपली सगळी चर्चा सवयीपाशी सुरू होते आणि तिथंच संपते.

मग उरते बायको. अमेरिकेत २०१३ मध्ये सात लाखांहून अधिक कर्करुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. विवाहितांमध्ये आजार लवकर लक्षात येणं, उपचार पूर्ण मिळणं आणि जगणं, तिन्हीचं प्रमाण अधिक होतं. हा फायदा स्त्रियांपेक्षा पुरुषांना जास्त झाला. याचा एक अर्थ मला असा दिसतो की, स्त्रीला बहीण असते, शेजारीण असते, भिशी असते. पुरुषाचा सगळा आधार एका माणसात गोळा झालेला असतो. ते माणूस थकलं, किंवा मुळात नसलंच, तर? नळीतून भरवणं, ड्रेसिंग, योजनेची कागदपत्रं आणि रोजची कमाई हे सगळं जिच्या अंगावर आहे तिनं त्याचं मनही सांभाळावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

हे गंभीर आहे. २०१८ मधल्या अमेरिकेतल्याच एका अभ्यासात डोकं आणि मानेच्या कर्करोगातून वाचलेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतर बहुतेक कर्करुग्णांच्या दुपटीहून अधिक आढळलं. कर्करोग बरा होऊनही ही माणसं जातात. झोप उडाली, जगणं नकोसं झाल्याचं बोलणं निघालं, तर डॉक्टरांना लगेच सांगावं. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे.

अशा वेळी ‘मन मोकळं करा’ असा सल्ला देण्याची पद्धत आहे. ज्याचं तोंडच उघडत नाही त्याला हे सांगणं मला क्रूर वाटतं. समोरासमोर खुर्च्या मांडून भावना विचारल्या की आपल्याकडचा पन्नाशीचा पुरुष गप्पच होतो. तो बोललाच तर काहीतरी करता करता बोलतो. तपासणीत मी आता ‘कसं वाटतंय’ विचारत नाही. ‘जेवायला कुणाबरोबर बसता?’ असं विचारतो, आणि त्याच्याच तोंडून उत्तर येईपर्यंत थांबतो. अस्पष्ट असलं तरी चालतं, पाटीवर लिहिलं तरी चालतं. पहिल्या शस्त्रक्रियेआधीच, त्यातून गेलेल्या एखाद्या पुरुषाशी गाठ घालून देणं हा उपचाराचा भाग व्हायला हवा. त्याला खर्च जवळजवळ नाही.

आमच्या एका रुग्णाचा मित्र रोज संध्याकाळी पत्ते घेऊन यायचा. रमीचे चार डाव, मग घरी. तीन आठवडे आजाराचा शब्द निघाला नाही. एक दिवस पत्ते खाली ठेवून यानं विचारलं, ‘तुझ्या नातीच्या बारशाला येऊ का मी? असं तोंड घेऊन?’ दोनदा विचारावं लागलं, कारण पहिल्यांदा कळलं नाही. मित्र म्हणाला, ‘ये की. माझ्या शेजारी बस. मीपण पेजच घेतो.’

हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं. ती आत पोळ्या करत होती.