जन्म आईने द्यायचा, पुरावा बापाचा आणायचा

‘घुसखोरांना हाकला’ ही घोषणा आता आपल्या किनाऱ्यालाही नवी राहिलेली नाही. बंदरावर परका खलाशी दिसला, आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी कुटुंब आले, बांधकामावर बंगाली बोलणारा गवंडी दिसला की ‘हे नक्की कुठचे?’ अशी कुजबुज सुरू होते. महिला मंडळांत, बचत गटांतही हा विषय निघतो आणि बहुतेक वेळा एका वाक्यावर संपतो, ‘आपल्याला काय त्याचे? आपण तर इथल्याच.’ मैत्रिणींनो, हे वाक्य तपासून पाहायची वेळ आली आहे.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याने सुरुवातीला साधी गोष्ट सांगितली होती. परकीय वकिलातीतल्या अधिकाऱ्यांची मुले वगैरे थोडे अपवाद सोडले, तर २६ जानेवारी १९५० पासून या भूमीवर जन्मलेले मूल भारताचे नागरिक. १ जुलै १९८७ पासून अट आली, आईबापांपैकी एक तरी भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी एक अट आली, एक भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. म्हणजे आधी प्रश्न होता, मूल जन्मले कुठे? आता प्रश्न झाला, मूल कुणाचे? हा दुसरा प्रश्न बायकांच्या चांगला ओळखीचा आहे. पुरुषप्रधान समाज तो आपल्याला पिढ्यान् पिढ्या विचारत आला आहे.

नवऱ्याने टाकलेली एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. नवरा मुंबईला गेला, तिथून आखातात गेला, पुढे पत्ता नाही. मुलगी २००५ साली जन्मली, आज सज्ञान आहे. आई इथलीच, आजी इथलीच. पण कायद्याचा शब्द न् शब्द लावला तर आईचे नागरिकत्व पुरेसे नाही. बाप कोण होता, हेही दाखवावे लागेल. ज्याने कधी पोटगी दिली नाही, तो आता कागद देणार?

परित्यक्तांना स्वतंत्र रेशनकार्ड मिळावे म्हणून आपली चळवळ लढली. परदेशात जन्मलेल्या मुलाला फक्त बापामुळे नागरिकत्व मिळत असे. १९९२ च्या दुरुस्तीने ते आईमुळेही मिळू लागले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचे नाव लिहायचे, असे महाराष्ट्र सरकारने ठरवले. चांगलेच झाले. पण एका हाताने आईचे नाव लिहायचे आणि दुसऱ्या हाताने बापाचा पुरावा मागायचा, याला समानता म्हणत नाहीत.

‘खऱ्या नागरिकाला भीती कशाला?’ असे विचारले जाते. आपल्याच वाडीवरच्या साठीतल्या बायकांचे कागद काढून बघा. जन्म घरी, सुईणीच्या हातून. जन्मतारीख मास्तरांनी शाळेत घातली तीच, १ जून. सिंधुदुर्ग जिल्हाच मुळी १ मे १९८१ ला झाला, त्याआधीचे सारे कागद रत्नागिरीचे. लग्नात नाव बदलले, आडनाव बदलले. माहेरच्या सातबारावर भावांची नावे, सासरच्या सातबारावर दिरांची. ही बाई आपल्या बापाचीच मुलगी, हे कोणत्या कागदाने सिद्ध करणार? जन्मनोंदणीच्या १९६९ च्या मूळ कायद्यात घरच्या जन्माची खबर द्यायची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर, तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातेवाइकावर, तोही नसेल तर घरातल्या सर्वांत वयस्क पुरुषावर होती. जिने कळा सोसल्या तिचा उल्लेखसुद्धा नाही!

बाईला कागद नाही, याची शिक्षाही बाईलाच. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली आणि १९,०६,६५७ माणसे बाहेर राहिली. तिथे लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या लाखो बायकांकडे बापाशी नाते दाखवायला ग्रामपंचायतीच्या दाखल्याखेरीज काही नव्हते. तो दाखला धरायचा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये मालेगावच्या तक्रारींवरून राज्य सरकारने उशिरा केलेल्या जन्मनोंदीचे दाखले देणेच थांबवले, पुढे मार्चमध्ये नियम कडक केले. नाव बांगलादेशींचे घेतले, पण उशिरा नोंद कुणाची होते? घरी जन्मलेल्यांची, भटक्यांची, ऊसतोडणीच्या फडावर बाळंत झालेल्या बायकांच्या मुलांची.

शिवाय संशय आला की सिद्ध करायचे ते संशयिताने, सरकारने नव्हे. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यातली ही तरतूद २०२५ च्या नव्या कायद्यातही कायम आहे. तिचा अर्थ बीरभूमच्या एका गरोदर बाईला विचारा. दिल्लीत राबणाऱ्या या बाईला जून २०२५ मध्ये बांगलादेशी ठरवून नवऱ्यासह, लहान मुलासह सीमेपार ढकलले. तिथे तिला तुरुंग घडला. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने परत आणायला सांगितले, तरी ती परतली डिसेंबरमध्ये. पोटातले मूल तिकडे जन्मले असते तर ते कुणाचे ठरले असते?

सीमेवर पहारा नको, असे आम्ही म्हणत नाही. पण मूल कोणतीही सीमा ओलांडून येत नाही, ते आईच्या पोटातून येते. आणि माणसे येतात ती पोटासाठी. स्वस्तात राबवून घेणारा ठेकेदार, मुकादम, बोटमालक यांच्याकडे कुणी कागद मागते का? २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी फर्मान काढले, की आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला नसेल, तर मूल अमेरिकन नाही. तेव्हा पुण्या-मुंबईच्या किती घरांचा जीव टांगणीला लागला! तिथे अन्याय वाटतो तो इथे न्याय कसा होतो?

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. इथे जन्मलेले मूल इथले. निदान आईचे नागरिकत्व एकटे पुरेसे धरा. परके ठरवायचे असेल तर पुरावा सरकारने द्यावा. उशिराच्या जन्मनोंदीसाठी सुईण, आशाताई, अंगणवाडीताई यांची साक्ष ग्राह्य धरा. माहेरचे आणि सासरचे नाव जोडणारा दाखला ग्रामपंचायतीने विनामूल्य द्यावा.

आणि या मागण्या करताना ‘आम्ही इथल्याच, त्यांचे काय ते बघा’ असे म्हणायचे नाही. त्यांच्यासाठी विणलेले जाळे मासा ओळखून धरत नाही, हे किनाऱ्यावरच्या बायकांना सांगायला नको. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने आपल्या वाडीतल्या नोंद नसलेल्या बायकांची यादी करावी, आणि तिच्यात बागेतल्या, बोटीवरच्या, झोपडीतल्या बायकांची नावेही लिहावीत.