मास्तर, मेस्त्री आणि गाडीचा सांगाडा

"अभ्यास केला नाहीस, तर जन्मभर गॅरेजात पाने पुसत बसशील!" हे वाक्य घरात किंवा वर्गात कधीच ऐकले नाही असा विद्यार्थी आमच्या शाळेत क्वचितच सापडेल. मी स्वतः ते अनेकदा उच्चारलेले आहे. ते परत घ्यावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पाच वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक विद्यार्थी निबंध फार सुरेख लिहीत असे. तो यंत्रविद्येकडे वळणार असे कळताच मी मुद्दाम त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या वडिलांना म्हणालो, "याला कलाशाखेत घाला. लोखंडात याची बुद्धी वाया जाईल." वडिलांनी माझे ऐकले नाही. गेल्या हिवाळ्यात त्याच मुलाने मला बेळगावच्या उद्यमबागेतील एका शेडमध्ये बोलावून नेले. तेथे तो आणि त्याचे महाविद्यालयीन सोबती एक गाडी घडवीत होते.

ही गाडी रस्त्यावरची नव्हे. इंदूरजवळ पिथमपूर येथे २००७ पासून विद्यार्थ्यांची 'बाहा' नावाची स्पर्धा भरते. मूळ स्पर्धा १९७६ साली अमेरिकेत सुरू झाली. सुमारे १० अश्वशक्तीचे लहानसे इंजिन घेऊन, खड्डे, चिखल आणि धोंडे यांतून धावेल अशी एका माणसाची गाडी मुलांनी स्वतः बनवायची, आणि शेवटी ती चार तास सलग पळवून दाखवायची. इंजिन बहुतेकांचे सारखेच. तेव्हा खरी कसोटी लागते ती सांगाड्याची आणि पुढच्या चाकांच्या जोडणीची.

सांगाड्याची मुख्य नळी २५ मिलिमीटर जाडीची, तिची भिंत ३ मिलिमीटरची आणि पोलादात कर्ब निदान ०.१८ टक्के, किंवा तितकीच बळकट दुसरी नळी, असा नियम आहे. गाडी उलटली तर आतल्या मुलाचे डोके या नळ्यांच्या भरवशावर असते. मी पाहिले, तर जिकडे तिकडे त्रिकोणच त्रिकोण! कारण विचारताच माझा विद्यार्थी हसून म्हणाला, "सर, बाबाबा कसोटी." नववीच्या भूमितीत आपण शिकतो की तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला, चौकोनाचे तसे नाही, त्याच्या चार बाजू कायम ठेवूनही तो दाबून तिरका करता येतो. ही गोष्ट मी शाळेत पाठ केली होती. तिच्या भरवशावर कोणी आपला जीव ठेवतो, हे मात्र मला त्या दिवशी कळले.

पुढच्या चाकांच्या या जोडणीला कोशात 'निलंबन' म्हणतात. (शब्द ऐकताच एखादा कारकून कामावरून दूर झाला असे वाटते, म्हणून मी सस्पेन्शनच म्हणतो.) १९४१ च्या विलिस जीपला पुढेही एकसंध आस आणि पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. ती रचना साधी आणि दणकट. खडकाळ वाटेवर आजही अनेकांची तिच्यावरच भिस्त आहे. पण तीत एक चाक धोंड्यावर चढले की दुसरेही कलते. या मुलांनी प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोणी हात दिले होते. वरचा हात आखूड ठेवतात, म्हणजे वळणावर गाडी कलली तरी भार पेलणारे बाहेरचे चाक बरेचसे उभे राहते.

शेडचा मेस्त्री पन्नाशीचा, सातवीपर्यंत शिकलेला. "या की मास्तर, बसा," म्हणून त्याने पिंप पालथे घालून दिले. चाके वळवणारा आडवा दांडा त्याने नजरेच्या अंदाजाने बसवला होता. मुलाने स्प्रिंग काढली आणि चाक जॅकने इंच-इंच वर उचलले, तो ते आपोआप आत वळू लागले! दांड्याचा कंस आणि हातांचे कंस जुळत नव्हते. म्हणजे सुकाणू न हलवताही प्रत्येक खड्ड्यात गाडीने आपली वाट सोडली असती. मुलाने कागदावर रेघा मारल्या, आणि दांडा दोन बोटे खाली आला. मेस्त्री म्हणाला, "पोरा, हे मला तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं."

पण दुसऱ्याच दिवशी पारडे फिरले. नियमाप्रमाणे सांगाडा जोडणाऱ्याने त्याच नळीचे दोन जोड नमुन्यादाखल द्यायचे असतात. एक मोडून पाहतात, दुसरा कापून. माझ्या विद्यार्थ्याने केलेला जोड दिसायला मोत्यांच्या माळेसारखा. मेस्त्रीने तो करवतीने उभा कापला. धातू वरवरच बसला होता, आत फट तशीच. "मामा, आता?" मुलाचा चेहरा उतरला. त्याच हाताने त्याने खालच्या दोन्ही भुजा जोडल्या होत्या. त्या त्याच रात्री तोडल्या. नळीच्या टोकाला माशाच्या तोंडासारखा काप नीट घासून बसवणे, आधी ठिकठिकाणी टॅक मारणे, मग उष्णतेने लोखंड एका अंगाला ओढू नये म्हणून आलटून पालटून जोडणे, हे सारे मेस्त्रीने त्याचा हात धरून शिकवले. त्या भुजांवर कोणाचा तरी मुलगा बसणार होता.

कोंकणी ही माझी घरची भाषा. तीत सुताराला 'मेस्त' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्र' पासून आला, मराठीतला 'मेस्त्री'ही तिथूनच, आणि त्याचा अर्थ गुरू. आपला 'मास्तर' इंग्रजीवाटे आला. दोघांचे मूळ लॅटिनमधले एकच. भाषेचा पदवीधर असून हे नाते मी कोशापुरतेच जाणत होतो. एका भावाला आपण खुर्ची दिली आणि दुसऱ्याच्या नावाने मुलांना धाक घातला.

म्हणून मला स्पष्ट म्हणावयाचे आहे की नववीचा भूमितीचा निदान एक तास शेडमध्ये व्हावा, आणि मेस्त्रीला वर्गात सन्मानाने बोलवावे. मुलींनाही यात समान वाटा हवा. काही पालक म्हणतील, यामुळे पोरे घरची जीप कापायला बसतील. ही भीती अनाठायी नाही. रस्त्यावरच्या गाडीची मूळ रचना बदलण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मज्जाव करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले आहे. पण ज्या मुलाने आपला जोड स्वतः कापून पाहिला, तो रस्त्यावरच्या गाडीचा सांगाडा हौसेखातर कापणार नाही, असे मला वाटते.

पिथमपुरास त्यांना चार तास पुरे करता आले नाहीत. अडीच तासांनी गिअरपेटीने दगा दिला. पुढच्या भुजा मात्र शाबूत परत आल्या. तो कापलेला जोड मुलाने मला आणून दिला. शिक्षकखोलीत माझ्या टेबलावर तो कागद दाबायला ठेवला आहे. वह्या द्यायला आलेली मुले तो उचलतात, फटीत नख घालून पाहतात आणि विचारतात, "सर, हा कोणी केला?"