विश्लेषण : अमेरिकेतील थकीत गृहकर्ज लातूर-नांदेडच्या पैशाने का विकत घेऊ नये?

नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय असो की लातूर पॅटर्न, इथे शिकून अमेरिकेत स्थिरावलेली मुले आता दोन्ही शहरांतील अनेक घरांत आहेत. तिथे पगाराबाहेरची कमाई शोधताना ‘नॉन-परफॉर्मिंग मॉर्गेज नोट’ हा प्रकार समोर येतो. थकलेले गृहकर्ज निम्म्या किमतीत घ्या. कर्जदाराने हप्ते दिले तर व्याज, नाही दिले तर घर, असे गणित मांडले जाते. ‘बाबा, एफडी मोडून पैसे पाठवा’ हा फोन त्यानंतर येतो. हे गणित दिसते तेवढे सरळ नाही.

ही ‘नोट’ म्हणजे काय?

अमेरिकेत घरासाठी कर्ज घेणारा दोन कागदांवर सही करतो. एक वचनचिठ्ठी, म्हणजे नोट, दुसरे गहाणखत. हप्ते थकले की बँक हे कागद सवलतीत विकून मोकळी होते. सरकारी गृहनिर्माण खाते आणि ‘फॅनी मे’सारख्या संस्थाही अशी कर्जे गठ्ठ्याने विकतात. त्यातली काही कर्जे हातोहात विकली जात सामान्य गुंतवणूकदारापर्यंत पोहोचतात. घेणारा घराचा मालक होत नाही. त्याला फक्त वसुलीचा हक्क मिळतो.

धोका कुठे आहे?

समजा, 80 हजार डॉलरच्या घरावरील नोट 40 हजारांना मिळाली. कर्जदाराने दाद दिली नाही, तर जप्ती करावी लागते. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, फ्लोरिडा या राज्यांत त्यासाठी न्यायालयात जावे लागते आणि कित्येकदा वर्षे जातात. टेक्साससारख्या राज्यांत काम लवकर होते. पण कर्जदाराने दिवाळखोरीचा अर्ज केला की वसुली तिथेच थांबते. वकील, थकलेला मालमत्ता कर, विमा, हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीचे शुल्क, दुरुस्ती आणि दलाली यांवर आणखी 35 हजार गेले, तर 75 हजार गुंतवून दोन वर्षांनी हाती येतात 5 हजार. आपल्याकडची मुदत ठेव त्यापेक्षा जास्त देते. शिवाय नोट दुसऱ्या क्रमांकाच्या गहाणाची असेल आणि पहिल्या कर्जदात्याने घर लिलावात काढले, तर गहाणाचा आधारच जाऊ शकतो.

भारतात राहून ती घेता येते का?

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत निवासी व्यक्ती वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी पाठवू शकते. मात्र 2022 च्या परदेशी गुंतवणूक नियमांनी सूचीबद्ध नसलेले कर्जरोखे पोर्टफोलिओ गुंतवणुकीतून वगळले आहेत. त्यामुळे लातूरमधून थेट नोट घेण्याचा राजमार्ग नाही. मग वाट निघते ती मुलाला ‘भेट’ देण्याची. भेट कायदेशीर आहे. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाखांवरील अशा रकमेवर बँक 20 टक्के कर आधीच कापते आणि तो विवरणपत्रात वळता करून घ्यावा लागतो. खरी अडचण पुढची आहे. भेट दिलेला पैसा कायद्याने मुलाचा होतो. व्यवहार फसला तर निवृत्तीची पुंजी गेलेल्या वडिलांना सेबीकडेही दाद मागता येत नाही आणि अमेरिकेतील न्यायालयातही त्यांचे नाव कुठे नसते.

आपल्याकडे अशी कर्जे विकली जात नाहीत का?

विकली जातात. हप्ता 90 दिवस थकला की कर्ज एनपीए ठरते आणि बँक ते मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकू शकते. या कंपन्यांत 2016 पासून 100 टक्के परदेशी भांडवलालाही परवानगी आहे. पण दार अरुंद ठेवले आहे. अशी नवी कंपनी काढायला रिझर्व्ह बँक किमान 300 कोटींचा स्वनिधी मागते. व्यक्तीने दुसऱ्याचे गहाण कर्ज घेऊन वसुलीला निघावे, हे आपल्या व्यवस्थेला मान्य नाही. त्यामागे मराठवाड्याला ठाऊक असलेले कारण आहे. इथे त्याला सावकारी म्हणतात. विनापरवाना सावकाराने कर्जापोटी घेतलेली मालमत्ता परत मिळवून देण्याचा अधिकार 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने जिल्हा निबंधकांना दिला आहे.

अमेरिकेतील नोटेच्या दुसऱ्या टोकालाही एक कुटुंबच असते. हप्ता कमी करून त्यांना घरात राहू देणारा खरेदीदार दोघांचे भले करतो. पण घर मिळेल या आशेने नोट घेणाऱ्याला तसे करण्यात रस नसतो.

पैसा इथेच लावायचा असेल तर?

दैनिकांच्या पानांवर ताबा नोटीस आणि लिलावाच्या जाहिराती असतात. 2002 च्या सरफेसी कायद्यानुसार 60 दिवसांच्या नोटिशीनंतर बँक ताबा घेऊन घर विकू शकते. अनिवासी भारतीयही अशा लिलावात घर किंवा दुकान घेऊ शकतात, शेतजमीन नाही. बोली मंजूर झाल्यावर 25 टक्के लगेच, उरलेली रक्कम साधारण 15 दिवसांत भरावी लागते. विक्री ‘जशी आहे, जिथे आहे’ या अटीवर असते. म्हणून ताबा प्रत्यक्ष आहे की कागदोपत्री, महापालिकेची थकबाकी किती, कर्जवसुली न्यायाधिकरणात दावा आहे का, हे आधी पाहावे. इथे निदान स्वतः जाऊन घराला कुलूप आहे की आत कुणी राहते, हे पाहता येते.

जादा परताव्याची किंमत मराठवाड्याने नुकतीच मोजली आहे. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये अडकलेल्या ठेवींची जखम अजून ओली आहे. अमेरिकेतील मुलाला नोट घ्यायचीच असेल, तर त्याने स्वतःच्या, बुडाली तरी चालेल अशा रकमेतून घ्यावी. त्याआधी मूळ वचनचिठ्ठी, हस्तांतरणाची पूर्ण साखळी आणि मालमत्ता कराचा उतारा मागावा. यातला एकही कागद विक्रेता देत नसेल, तर लातूरची एफडी मोडण्याचा प्रश्नच उरत नाही.